एन्चिलाडा: मिरचीत बुडवलेली टॉर्टिया आणि सोबतची वाइन

स्पॅनिशमध्ये ‘एन्चिलार’ म्हणजे मिरची लावणं. एन्चिलाडा म्हणजे मिरची लावलेली टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकोतली पातळ पोळी. चिकन आत जातं, चीज वर पडतं, पण पदार्थ जमतो किंवा फसतो तो सॉस आणि टॉर्टियावर. पिवळ्या चीजखाली ओव्हनमध्ये भाजलेला टेक्स-मेक्स (टेक्सासकडचा अमेरिकी-मेक्सिकन) प्रकारही चविष्ट लागतो, पण आज तो विषय नाही.

टॉर्टिया मक्याचीच हवी. मैद्याची सॉसमध्ये लिबलिबीत होते. मग आपली मक्याची भाकरी का नको? मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर तसाच ठेवून, धुऊन मग दळतात. चुन्यामुळे दाण्याची साल सुटते आणि पिठाला चिकटपणा येतो. साध्या पिठाला तो नसतो, म्हणून भाकरी गुंडाळताना चिरते. चुना दिलेल्या मक्याचं तयार पीठ ‘मासा हरिना’ म्हणून मिळतं. ते 200 ग्रॅम घेतलं तर सुमारे 300 मिली कोमट पाणी आणि 15 सेंटिमीटरच्या 12 टॉर्टिया, चौघांपुरत्या. दाबताना कडा फाटल्या तर पाणी कमी पडलंय. आदल्या दिवशीच्या टॉर्टिया जास्त बऱ्या, त्या तेल कमी पितात.

हाडासकट 600 ग्रॅम चिकन, अर्धा कांदा, दोन लसूण पाकळ्या आणि मीठ घालून मंद आचेवर 30 मिनिटं शिजवा. खळखळून उकळलं तर तंतू आवळतात आणि चिकन कोरडं होतं. ते रश्श्यातच निवू द्या, मग हातानं पिंजा. रस्सा टाकू नका.

आता सॉस. आठ गुआहियो आणि तीन आंचो या सुक्या मिरच्यांची देठं, बिया काढा. तव्यावर प्रत्येक बाजू 10-15 सेकंद, वास सुटेपर्यंतच. काळी पडलेली मिरची सरळ फेकून द्या; एकीचा कडवटपणा सगळ्या सॉसला लागतो आणि साखर घालून तो जात नाही. गरम पाण्यात 20 मिनिटं भिजवा. ते पाणीही कडसर असतं, म्हणून वाटताना अर्धा लिटर चिकनचा रस्सा घ्या. सोबत भाजलेला पाव कांदा, दोन लसूण पाकळ्या, अर्धा चमचा ओरेगानो, चिमूटभर जिरं. वाटण गाळाच, नाहीतर मिरचीची सालं दातात येतात. दोन चमचे तापलेल्या तेलात ते ओता, चर्र आवाज आला पाहिजे, आणि दहा मिनिटं आटवा. चमच्याच्या पाठीवर थर धरला की झालं. गुआहियोऐवजी ब्याडगी चालते, रंगही छान येतो. आंचोचा मनुक्यासारखा गोडवा मात्र तिच्यात नाही. आठ-दहा मनुका वाटणात घाला, थोडं जवळ जाईल.

जोडणीत घाई हवी. टॉर्टिया गरम तेलात दोन्ही बाजूंनी पाच-सहा सेकंद तळा. मऊ राहिली पाहिजे, कुरकुरीत नव्हे. ही पायरी गाळली की टॉर्टिया सॉस शोषून फुटते, तेलाचा पातळ थर ते रोखतो. मग कोमट सॉसमध्ये बुडवा, चिकन भरा, गुंडाळा, दुमड खाली ठेवा. वर उरलेला सॉस, आंबट क्रीम, कच्च्या कांद्याच्या चकत्या आणि केसो फ्रेस्को हे ताजं, भुसभुशीत मेक्सिकन चीज. ते नसेल तर मीठ लावून कुस्करलेलं पनीर. (मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातोच्या एन्चिलाडास मिनेरासमध्ये क्रम उलटा असतो: आधी सॉसमध्ये बुडवायचं, मग तळायचं. तेल भरपूर उडतं.)

वाइनच्या बाबतीत लाल सॉसला लाल वाइन, हा हिशेब इथे चुकतो. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहीला (आग टिपणाऱ्या संवेदकाला) चेतवतं, तिलाच अल्कोहोलही चेतवतं. म्हणजे 14 टक्क्यांची वाइन आगीत तेल ओतते, आणि टॅनिनचा तुरटपणा त्यात भर घालतो. मेक्सिकोत परास इथल्या कासा मादेरो या वायनरीची परंपरा 1597 पासूनची आणि बाहा कॅलिफोर्नियाची नेबिओलो ही लाल वाइन नावाजलेली, पण नेबिओलो भरपूर टॅनिनची. ती भाजलेल्या मांसासाठी राखा. इथे हवी 12 टक्क्यांच्या आसपासची, किंचित गोड, चांगल्या आंबटपणाची पांढरी: रीसलिंग, किंवा नाशिककडची किंचित गोड शेनिन ब्लाँ. लाल वाइनचाच हट्ट असेल तर रोझेवर थांबा. तोमातियोच्या (टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या आंबट हिरव्या फळाच्या) हिरव्या सॉसबरोबर मात्र सोविन्यों ब्लाँ. सॉस आंबट आणि वाइन त्याहून कमी आंबट असली की वाइन पाणचट लागते. बाटली 8 ते 10 अंशांवर काढा. फार थंड केली तर गोडवा आणि वास दोन्ही दबतात, आणि तिखटाला उतारा म्हणून तर तो गोडवा हवा होता.