गाडीत एकच माणूस

(निवेदन संहिता. लघुमाहितीपट, अवधी साधारण बारा मिनिटं)

[दृश्य: सकाळचे नऊ. पुण्याचा विद्यापीठ चौक, वरून. मग कॅमेरा हळूहळू खाली, गाड्यांच्या काचांपर्यंत.]

सकाळचे नऊ वाजलेत. औंध, बाणेर आणि पाषाणकडून येणारी वाहतूक या चौकात एकत्र होते आणि गणेशखिंड रस्त्याने शिवाजीनगरकडे सरकायला लागते. वरून फक्त गाड्यांचे टप दिसतात. आता खाली येऊ आणि काचेतून आत पाहू. ही पाच जणांची गाडी आहे, आत एक माणूस. मागची सात जणांची, आत एकच बाई, शेजारच्या सीटवर डबा आणि लॅपटॉपची बॅग. त्यामागेही एकच. चौथ्या गाडीत दोघं आहेत, पण मागे बसलेले साहेब आहेत आणि पुढे ड्रायव्हर.

ही सगळी माणसं चुकीचं वागताहेत असं सांगायला आपण आलेलो नाही. वेळेत पोहोचायचं असतं, वाटेत मुलाला शाळेत सोडायचं असतं, संध्याकाळी परतताना भाजी घ्यायची असते. ज्याला जे सोयीचं पडतं ते तो करतो. प्रश्न असा आहे की एकट्याने गाडी काढणंच सगळ्यात सोयीचं पडावं, अशी व्यवस्था आपण का करून ठेवली, आणि ती बदलता येते का?

[दृश्य: उड्डाणपुलांचं काम, मग चांदणी चौकाची जुनी आणि नवी छायाचित्रं.]

आजवर आपलं मुख्य उत्तर एकच राहिलं आहे, ते म्हणजे पूल बांधा. याच विद्यापीठ चौकात २००६च्या सुमारास उड्डाणपूल झाला. २०२० साली तो पाडावा लागला, कारण मेट्रो आणि नवा दुमजली पूल यांच्या आड तो येत होता. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ला मध्यरात्रीनंतर स्फोटकं लावून पाडला आणि ऑगस्ट २०२३मध्ये तिथले नवे पूल आणि रस्ते खुले झाले. कोथरूड-बावधनच्या लोकांची त्याने सोय झाली, हे मान्यच करायला हवं. पण चांदणी चौकातून भरभर सुटलेली गाडी हिंजवडीला निघाली असेल, तर भूमकर चौकात ती पुन्हा उभी राहते.

याचं कारण समजायला अवघड नाही. रस्ता मोकळा झाला की गर्दी टाळायला सातला निघणारा माणूस साडेआठला निघायला लागतो. बसने जाणारा म्हणतो, आता गाडीनेच जाऊ. लांब घर घ्यायला कचरणारा तेच घर बिनधास्त घेतो. काही वर्षांत मोकळी झालेली जागा भरून जाते. जगातल्या बहुतेक मोठ्या शहरांनी हा अनुभव घेतलेला आहे आणि आपणही घेतो आहोत.

[दृश्य: पीएमपीएमएलची बारा मीटर लांबीची बस थांब्यावर. माणसं चढताहेत.]

ही बस बारा मीटर लांब आहे. बसलेले आणि उभे धरून साठ माणसं सहज नेते. हीच साठ माणसं साठ मोटारींतून निघाली, तर प्रत्येक मोटार चार मीटरची आणि मध्ये जेमतेम एक मीटर अंतर धरूनही रांग होते तीनशे मीटरची. डेक्कनवरून संभाजी पुलावर शिरणारी सगळी वाहतूक अडवायला एवढी रांग पुरे आहे.

२०१८ साली पुण्यातल्या नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली, म्हणजे शहराच्या लोकसंख्येलाही मागे टाकलं. त्यातल्या सुमारे २७ लाख दुचाकी होत्या.

[दृश्य: सिग्नलला थांबलेल्या दुचाकी. स्कार्फ गुंडाळलेल्या मुली, रेनकोटमधले पुरुष.]

म्हणून या विषयावर बोलताना फक्त मोटारींकडे बोट दाखवून भागत नाही. पुण्यात एकट्याने जाणारा माणूस बहुतेक वेळा दुचाकीवर असतो. त्याला पैशांचं गणित सांगून उपयोग नाही, कारण ते त्याच्याच बाजूने सुटतं. दहा किलोमीटरला वीस-पंचवीस रुपयांचं पेट्रोल लागतं, बसचं तिकीटही तेवढंच. शिवाय बसची वाट पाहायला लागत नाही.

दुचाकीची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली आणि त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. पाठदुखी, पावसाळ्यातले खड्डे, मेट्रोच्या कामाची धूळ, दोन्ही हात आणि दोन्ही डोळे गुंतवून घालवलेला तास, हे कुठल्याच पावतीवर येत नाही. रोज हा तास काढणाऱ्याला मात्र ते संध्याकाळी अंगावर जाणवतं.

[दृश्य: वनाझ मेट्रो स्थानक. सरकता जिना, फलाट, येणारी गाडी.]

पर्यायच नाही, असं आता पूर्वीसारखं म्हणता येत नाही. ६ मार्च २०२२ला मेट्रोचे पहिले दोन तुकडे सुरू झाले, वनाझ ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी. तेव्हा लोक मुलाबाळांना घेऊन बघायला म्हणून येत होते. मार्च २०२४मध्ये गाडी वनाझहून थेट रामवाडीपर्यंत जायला लागली आणि २९ सप्टेंबर २०२४ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी भाग खुला झाला. दोन्ही मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकात मिळतात. आता डब्यात पाहिलं तर ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात अडकवलेली माणसं दिसतात. तिकीट १० ते ३५ रुपयांच्या आत आहे. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर ही २३ किलोमीटरची तिसरी मार्गिका तर याच विद्यापीठ चौकावरून जाते.

पण मेट्रोचं स्थानक घराच्या दारात नसतं आणि ऑफिसच्याही दारात नसतं. खरी मेख तिथेच आहे.

[दृश्य: रामवाडी स्थानकाबाहेर. कॅमेरा एका प्रवाशाच्या पायांमागून चालतो.]

कोथरूडहून खराडीला जाणारा माणूस घ्या. वनाझला गाडीत बसला की अर्ध्या-पाऊण तासात तो रामवाडीला उतरतो. नदी, संगम पूल, बंडगार्डन, सगळी कोंडी खाली राहिलेली असते. जिना उतरून तो नगर रस्त्यावर येतो आणि तिथून खराडीच्या आयटी पार्कपर्यंतचे शेवटचे काही किलोमीटर समोर उभे राहतात. पूरक बस मिळाली तर ठीक. नाहीतर रिक्षावाल्याशी बोलणी, किंवा शेअर रिक्षात चौथा माणूस येईपर्यंत थांबणं. चालायचं म्हटलं तर फूटपाथवर कुठे डीपीचा खोका, कुठे पार्क केलेली गाडी, कुठे फरशीच उखडलेली. रस्ता ओलांडायला सिग्नल दूर असतो. नगर रस्ता मधूनच ओलांडताना माणसाचा जीव मुठीत असतो.

मेट्रो पुढे वाघोलीपर्यंत न्यायला केंद्राने जून २०२५मध्ये मंजुरी दिली आहे, तेव्हा हा टप्पा कधीतरी सुटेल. तोवर थांबायची गरज नाही. एक सलग फूटपाथ, एक चालू सिग्नल आणि दर दहा मिनिटांनी न चुकता येणारी छोटी बस, एवढ्यानेही या माणसाची सकाळ बदलते. जंगली महाराज रस्त्याचे फूटपाथ रुंद केले तेव्हा लोक तिथे चालायला लागलेच. दरवर्षी ११ डिसेंबरला महापालिका पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद ठेवते, तेव्हा त्या रस्त्यावर किती माणसं मावतात ते डोळ्यांनी दिसतं. बसने किंवा मेट्रोने जाणारा प्रत्येक जण आधी आणि नंतर पायीच चालतो. त्याच्या पायाखालची जागा सुधारणं हे वाहतुकीचंच काम आहे आणि पुलाच्या मानाने फार स्वस्त आहे.

[दृश्य: २०१२ची वृत्तपत्रीय छायाचित्रं. मग आजचा बसथांबा.]

बसचंही तसंच. पुणेकर बसमध्ये बसत नाहीत, असं सर्रास म्हटलं जातं. १ नोव्हेंबर २०१२ला ‘सकाळ’च्या पुढाकाराने पुण्यात बस डे झाला. लोकांनी आणि उद्योगांनी वर्गणी दिली, एका दिवसासाठी जादा बसगाड्या रस्त्यावर आणल्या, आणि एरवी गाडी घेऊन जाणारी माणसं त्या दिवशी बसमध्ये बसली. बस पुरेशा असल्या आणि वेळेवर आल्या तर लोक येतात, हे त्या दिवशी दिसलं. तो एक दिवस रोजचा व्हायला गाड्या आणि पैसा लागतो, आणि तो मागत राहणं हा नागरिक म्हणून आपला हक्क आहे.

आणि जुन्या पुणेकरांना आठवत असेल, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी हा प्रश्न कधीच सोडवला होता. टेल्कोची बस, बजाजची बस. ठरलेला चौक, ठरलेली वेळ. पहिल्या पाळीचे कामगार अंधारात थांब्यावर उभे असायचे आणि बस यायची. हजारो माणसं अशी कामावर गेली आणि घरी आली. कुणी त्यांना गाडी सोडा म्हणून समजावलं नव्हतं. कंपनीने सोय केली होती, एवढंच.

[दृश्य: एका सोसायटीच्या फाटकाशी सकाळी थांबलेली मोटार. तिघं येऊन बसतात.]

कंपनीची बस नसेल, तर चार शेजारीही हे करू शकतात. एकाच सोसायटीतून एकाच आयटी पार्ककडे निघणारे दहा-वीस जण सहज असतात, फक्त ते एकमेकांना लिफ्टमध्ये नमस्कार करण्यापलीकडे ओळखत नाहीत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश टाकला की चौघं जमतात.

पुढे हे टिकतं की मोडतं ते बारीकसारीक गोष्टींवर. पाच मिनिटांपेक्षा जास्त कुणासाठी थांबायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवावं. यायचं नसेल तर आदल्या रात्री कळवायचं. गाडी आळीपाळीने काढली तर पैशांचा प्रश्नच येत नाही. एकाचीच गाडी असेल तर महिन्याच्या शेवटी हिशेब, रोजच्या रोज सुट्टे मागणं नको. फोनवर मोठ्याने बोलायचं नाही. ज्याला झोपायचं असेल त्याला झोपू द्यायचं. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीवर भाडं कमवायचा विचार करू नये, पेट्रोल वाटून घ्यावं आणि थांबावं. कोथरूड ते हिंजवडी जाऊन-येऊन पस्तीसेक किलोमीटर धरले, तर कोंडीत चालणारी मोटार तीन लिटर पेट्रोल पिते, म्हणजे दिवसाला तीनशे रुपयांच्या पुढे. चौघांत तो खर्च माणशी पाऊणशे-ऐंशीवर येतो. रोज जमायला हवं असंही नाही. आठवड्यातले दोन दिवस चौघांनी एकत्र जाणं हीसुद्धा चांगली सुरुवात आहे.

[दृश्य: ऑफिसच्या इमारतीचं तळघर. एकामागे एक रांगेत मोटारी.]

आता ज्या गोष्टीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, तिकडे वळू. हे एका ऑफिसचं तळघर. एक मोटार उभी करायला, तिला आत-बाहेर करायची वाट धरून, साधारण ३० चौरस मीटर जागा लागते, म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट. पुण्यात एवढ्यात वन आरके बसतो. वरच्या मजल्यावर त्याच माणसाच्या टेबलखुर्चीला याच्या निम्मीही जागा मिळत नाही. ही तळघरातली जागा खणायला, बांधायला, उजेड आणि हवा द्यायला कंपनी पैसे मोजते आणि गाडी घेऊन येणाऱ्याला फुकट देते. बसने आलेल्या सहकाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९९२ साली यावर कायदा केला. काही ठरावीक प्रकारच्या कंपन्यांनी कर्मचाऱ्याला फुकट पार्किंग दिलं, तर पार्किंग नको म्हणणाऱ्याला तेवढीच रक्कम रोख द्यायची. डोनाल्ड शूप या प्राध्यापकाने अशा आठ कंपन्यांचा अभ्यास केला. एकट्याने गाडी घेऊन येणारे शंभरात ७६ होते, ते ६३वर आले. कुणाची गाडी काढून घेतली नाही, दंड केला नाही. फक्त दोघांना सारखं वागवलं.

हे हिंजवडीत, खराडीत, मगरपट्ट्यात आजही करता येईल. त्यासाठी कायद्याची वाट पाहायला नको. पार्किंग न वापरणाऱ्याला मेट्रो कार्डात किंवा बसच्या पासात महिन्याला ठरावीक रक्कम. तिघं-चौघं मिळून येणाऱ्या गाडीला लिफ्टजवळची जागा. सायकलने येणाऱ्याला एक न्हाणीघर आणि कपडे ठेवायला कपाट.

[दृश्य: संध्याकाळी साडेसात. ऑफिसच्या फाटकाबाहेर उभी एक कर्मचारी, फोनवर बसची वेळ पाहते.]

आणि एक हमी. ‘मुलाला ताप आला आणि शाळेतून फोन आला तर?’ ‘मीटिंग लांबली आणि रात्रीचे साडेनऊ झाले तर?’ गाडी घरी ठेवायला तयार असलेल्या बायका याच दोन प्रश्नांपाशी थांबतात, आणि त्यांचं थांबणं अगदी रास्त आहे. मुलांची, म्हाताऱ्यांची धावपळ बहुतेक घरांत अजून त्यांच्याच वाट्याला येते, आणि उशिरा सुनसान थांब्यावर उभं राहणं कुणालाच नको असतं. काही देशांतल्या कंपन्या यासाठी साधी योजना चालवतात. जो नेहमी बसने किंवा सोबतीने येतो, त्याला अडचणीच्या दिवशी घरी जायचं टॅक्सीभाडं कंपनी देते. असे प्रसंग वर्षातून मोजकेच येतात, त्यामुळे खर्चही फार होत नाही. पण ती हमी आहे म्हटल्यावर बाकीचे सगळे दिवस माणूस निश्चिंतपणे गाडी घरी ठेवतो.

[दृश्य: पडद्यावर अक्षरं उमटतात, निवेदनाबरोबर.]

तुम्ही एखाद्या कंपनीत काम करत असाल, तर या आठवड्यात एचआरला तीन गोष्टी विचारा. आपल्याकडे पार्किंगच्या एका जागेवर महिन्याला किती खर्च होतो? पार्किंग न वापरणाऱ्याला त्यातलं काय मिळतं? आणि जवळच्या मेट्रो स्थानकापासून ऑफिसपर्यंत सकाळ-संध्याकाळ छोटी बस सुरू करायला शेजारच्या कंपन्यांशी कुणी बोललं आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आलं, तर बोलायला सुरुवात तुम्हीच करा. एकाच इमारतीतल्या चार कंपन्या मिळून एक बस लावू शकतात.