औषध आधी, चाचणी मागाहून

कड्यावर गिधाडांची घरटी असली, की तिथे त्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ दिसतात. लांब चोचीचं गिधाड अशाच कड्यांच्या कपारींत घरटं करतं आणि वर्षाला एकच अंडं घालतं. इतकी सावकाश वीण असलेल्या पक्ष्याची संख्या एकदा कोसळली, की ती भरून यायला कित्येक दशकं जातात.

१९९०च्या दशकात ती कोसळली. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पक्षीतज्ज्ञ डॉ. विभू प्रकाश यांना मेलेली गिधाडं सापडू लागली. आधी संशय साथीच्या रोगावर गेला. खरं कारण २००४ साली पाकिस्तानातल्या अभ्यासातून कळलं: डायक्लोफेनॅक, जनावरांची सूज आणि ठणका कमी करणारं औषध. ते टोचलेलं जनावर लगेच मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. युरिक आम्लाचे पांढरे थर थेट यकृतावर, हृदयावर साचायचे.

तीन जातींची ९५ टक्क्यांहून जास्त गिधाडं गेली. त्यासाठी शंभर मेलेल्या जनावरांमागे एखाद्यातच औषध असणं पुरेसं होतं, कारण एका ढोरावर अख्खा थवा उतरतो.

यात शेतकऱ्याला दोष देता येत नाही. ऐन पेरणीत बैल लंगडायला लागला, तर तो स्वस्त आणि लगेच आराम देणारं इंजेक्शन मागणारच. सावधगिरीचा भुर्दंड त्याच्या गोठ्यावर पडायला नको होता, म्हणून पर्यायी औषध बंदीइतकंच महत्त्वाचं होतं. मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक गिधाडांना देऊन पाहिलं गेलं, ते सुरक्षित ठरलं, आणि २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली.

तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्यांतून ते गोठ्यात पोचत राहिलं. गुरांसाठी वापरणं परवडू नये म्हणून कुपी ३ मिलीलिटरची करायला २०१५ उजाडलं. त्याहून संताप येतो तो असेक्लोफेनॅक या आणखी एका वेदनाशामकाचा. गायीच्या शरीरात त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. म्हणजे बंदी घातलेलं विष दुसऱ्या नावानं विकलं जात होतं. त्यावर आणि कीटोप्रोफेन या गिधाडांना घातक असलेल्या दुसऱ्या वेदनाशामकावर बंदी आली २०२३ मध्ये.

दरवेळी क्रम तोच. औषध आधी दुकानात येतं, आणि ते घातक आहे हे सिद्ध करायचं ओझं पक्षी मोजणाऱ्यांवर पडतं. पुरावा जमेपर्यंत मोजायला पक्षीच उरत नाहीत.

२०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातली गिधाडं महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पात आणली गेली. मोकळी झाल्यावर ती आसपासच्या कुठल्याही गावातल्या मेलेल्या गुरांवर उतरू शकतात. त्या गुरांना काय टोचलं होतं, यावर त्यांचं जगणं ठरेल.

गिधाडांवरची चाचणी अवघड असेल, अशक्य नाही. मेलॉक्सिकॅमची झाली, पुढे टोल्फेनॅमिक आम्ल या वेदनाशामकाचीही झाली. दोन्ही औषधं कसोटीला उतरली. मग जनावरांसाठीच्या प्रत्येक नव्या वेदनाशामकाला परवाना देताना औषध नियंत्रकांनी अशा चाचणीचा अहवाल कंपनीकडे आधीच मागायला हवा, आणि आज विकल्या जाणाऱ्या औषधांसाठीही.