बैल तिचा, पाय माझे

(नागपुरात प्राथमिक शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पोळा तोंडावर आलाय, तेव्हा सुरुवात बैलापासूनच करते.

मी नोकरीला लागून तीन-चार वर्षं झाली होती. माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता. पोळ्याची सुट्टी संपवून मुलं परत आली आणि मी सांगितलं, पोळ्यात काय पाहिलं ते काढा. एका मुलीचं आजोळ काटोलकडचं होतं. तिने बैल काढला. अंग बाजूने दिसणारं, तोंड मात्र समोरून. त्यात दोन्ही डोळे, दोन्ही शिंगं. चारही पाय पोटाखाली एका ओळीत, कंगव्याच्या दातांसारखे. वशिंड सगळ्यात मोठं आणि त्यावर रेघोट्यांची झूल. मी तिच्या बाकाशी वाकले, तिच्या हातातली पेन्सिल घेतली, खोडरबराने पाय पुसले आणि "असे असतात बघ" म्हणत गुडघ्याशी वाकलेले चार सुबक पाय काढून दिले.

तिने थोडा वेळ कागदाकडे पाहिलं. मग तो कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "मॅडम, हा आता तुमचा झाला."

रागाने नव्हती म्हणाली. जे झालं होतं ते सांगत होती. बैल तिचा होता, पाय माझे होते, आणि अशा बैलाचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं. त्यानंतर वर्षभर तिने माझ्या वर्गात बैल काढला नाही. फुलं काढली, घर काढलं, झेंडा काढला. जे मी फळ्यावर काढून दाखवायचे, ते ते सगळं अगदी तसंच काढलं. तिचं ते नीटनेटकं काम बघून मला आज जास्त वाईट वाटतं.

त्या बैलात चूक काहीच नव्हती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाच्या कलाशिक्षकाने 1947 साली मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. साधारण दोन ते चार वर्षांत रेघोट्या. चार ते सातमध्ये पहिल्या ओळखू येणाऱ्या आकृत्या, डोक्यालाच हातपाय फुटलेली माणसं. सात ते नऊमध्ये मूल प्रत्येक गोष्टीची आपली एक खूण ठरवतं: झाड म्हणजे असं, माणूस म्हणजे असा. कागदाच्या तळाशी जमिनीची एक रेघ येते आणि सगळं तिच्यावर उभं राहतं. नऊच्या पुढे मग "हे खरं दिसत नाही" ही तक्रार मुलाच्या स्वतःच्या तोंडून येते. टप्प्यांच्या वयाबद्दल वाद घालता येईल, आपल्या मुलांचं पुढंमागं होतंच. पण मूल डोळ्याला एका जागेवरून दिसतं ते काढत नाही, त्याला जे ठाऊक आहे ते काढतं, हे तुम्ही कुठल्याही वर्गात जाऊन पडताळून पाहू शकता. बैलाला चार पाय असतात हे तिला ठाऊक होतं. चार काढले. डोळे दोन असतात, एक का लपवायचा? गाभण गाय काढली तर पोटातलं वासरू दिसणारच, कारण ते आहे. आखरावरचा, म्हणजे गावाबाहेर बैल जमतात त्या मोकळ्या जागेवरचा, पोळा काढताना तोरण मधोमध आणि बैल चारी बाजूंना बाहेर पाय करून आडवे झालेले मी पाहिलेत. मूल मनाने तोरणाखाली उभं राहून चहूकडे वळून बघत असतं.

मागच्या वर्षी तिसरीतल्या एका मुलाने वर्धा रोड काढला. खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो. तीन जमिनी, तीन रेघा, एकावर एक. प्रत्येक मजल्यावरची गाडी आपापल्या रेघेवर ठाम उभी. आमच्या पिढीतल्या मुलांना हे असं काढायची कधी वेळच आली नाही. आपलं शहर त्या वयाच्या चित्रभाषेत इतकं चपखल बसलेलं बघून मला फार आनंद झाला. त्या वेळी माझे दोन्ही हात पाठीमागे होते. चित्राच्या तासाला आता मी असेच हात ठेवते, कारण माझी बोटं अजूनही पेन्सिलीकडे जातात.

आता तुमच्यापैकी पुष्कळ जणांच्या मनातलं बोलते. "मॅडम, मला स्वतःला चित्र काढता येत नाही, मी काय शिकवणार?" शिक्षण हक्क कायद्यात कलेसाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे, पण सहावी ते आठवीसाठी, आणि तोही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला चित्रकलेचे गुरुजी म्हणजे तुम्हीच, वर्गशिक्षक. आणि गणित मागे पडलं की पहिला तास जातो तो चित्रकलेचाच, हेही आपण सगळे जाणतो. पण चित्र न येणं ही इथे अडचण नाही. ज्यांना चित्र चांगलं येतं, त्यांचाच हात मुलांच्या कागदावर जास्त जातो, हे मी माझ्यावरून सांगते. तुम्हाला बघता आलं पाहिजे आणि मुलांना बघायला लावता आलं पाहिजे.

संत्र्याचंच घ्या. नागपूरच्या मुलाला संत्रा काढायला सांगा. एक गोल, त्यावर दोन पानं, आणि डबीतला नारिंगी खडू घसाघसा. संपलं. मी दिवाळीनंतर अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळी तोडणीची, संत्री वर्गात आणते, चार मुलांत एक. आधी खडू बाहेर काढायचेच नाहीत. हातात घ्या, फिरवा, वास घ्या. देठाजवळ काय दिसतं? तिथे साल उचललेलं असतं, छोट्या मानेसारखं. रंग कोणता? "नारिंगी," सगळा वर्ग ओरडतो. मग एखादं मूल हळूच म्हणतं, "मॅडम, इकडून हिरवा आहे." मग दुसऱ्याला पिवळा सापडतो, तिसऱ्याला डाग. सालीवर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात, ते बोटाला आधी कळतात आणि डोळ्याला मग. त्यानंतर रंग हाती द्यायचे, पण नारिंगी काढून घेऊन. पिवळा, लाल, आणि थोडा हिरवा. नारिंगी तुम्ही करा. तीस मुलांचे तीस नारिंगी होतात आणि एकही डबीतल्यासारखा नसतो. शेवटी संत्रा सोलून फोडी मोजायच्या आणि खायच्या. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, तेव्हा हा तास पुन्हा घ्या. रंग वेगळा निघतो, आणि मुलं तुमच्या आधी सांगतात.

रंगांना पैसे नाहीत, हेही मला नेहमी ऐकू येतं. गेरू, चुना, हळद, काजळी. बाभळीचा डिंक पाण्यात भिजवला की रंग कागद धरतो. हळदीत चुन्याची निवळी घाला, पिवळ्याचा लाल होतो. जास्वंदीच्या पाण्यात लिंबू पिळा, गुलाबी. होळीच्या सुमाराला आपल्याकडे पळस रस्तोरस्ती पडलेला असतो. खेड्यातली शाळा असेल तर शहरापेक्षा तुम्हीच श्रीमंत. चुना मात्र मुलांच्या हाती द्यायचा नाही, तो आपण घालायचा.

आता आजच्या विषयातला जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्याकडे येते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा तुम्हाला माहीत आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून पालक आता चौथी-पाचवीपासून मुलांना क्लासला घालतात. त्या परीक्षांशी माझं भांडण नाही, मीही त्या दिल्यात. पण 'संकल्पचित्र' हा किती चांगला शब्द आहे बघा, आणि त्याचा अर्थ उरलाय काय? चौकोन आखायचा, त्यात फुलं-पानं-फुलपाखरं बसवायची, जागा सोडायची नाही. संकल्प कुणी केला? कशासाठी? ती नक्षी साडीच्या पदराला जाणार की जेवणाच्या ताटाला, हे मुलाला ठाऊक नसतं. विचारतही कुणी नाही. लहान मुलांना डिझाइन शिकवायचं तर तिथून सुरुवात करून चालत नाही. कुणाला तरी कशाची तरी गरज पाहिजे, आणि केलेली वस्तू चालतेय की नाही हे करणाऱ्याला स्वतःला दिसलं पाहिजे.

आपल्या शहरात त्यासाठी तान्हा पोळ्यासारखा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या पोळ्यासारखा, दुसरा दिवस नाही. लाकडी नंदी, पायाला चाकं, गळ्यात दोरी. मुलं घरोघर ओढत नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेऊन येतात. ज्या मुलाकडे लाकडी नंदी नाही, त्याची गरज खरी आहे. मी तिसरीच्या वर्गाला सांगते, रिकामे खोके आणा, बाटलीची झाकणं आणा, खराट्याच्या काड्या आणा. आपला नंदी आपण करू. अट एकच: दोरी ओढली की तो चालला पाहिजे.

एका मुलाने टूथपेस्टच्या खोक्याला चार झाकणं फेविकॉलने चिकटवली. शिंगं लावली, बाशिंग बांधलं, झूल रंगवली. देखणा बैल. दोरी ओढली. "मॅडम, हा चालूनच नाही राहिला. घासत जाऊन राहिला." मी म्हटलं, "हो, घासतोय खरा." पुढे गप्प बसले. एका मुलीने घरून लाकडी नंदी आणला होता. त्याने तो मागून घेतला आणि उलटा धरला. जमिनीवर बसून बराच वेळ नुसती चाकं फिरवत होता. मग खोक्याला आरपार भोकं पाडून काडी घातली, काडीच्या टोकांना झाकणं. आता झाकणं काडीवर गरागरा फिरली आणि तीन पावलांत गळून पडली. झाकण काडीला घट्ट चिकटवलं, तर काडी भोकात अडकली. कुठलं तरी एक सैल पाहिजे आणि एक घट्ट पाहिजे, हे त्याच्या गटाला दुसऱ्या दिवशी उमगलं. कुणीतरी उसाच्या रसाच्या दुकानातून स्ट्रॉ आणली, ती खोक्याच्या पोटाला चिकटवली आणि काडी तिच्यातून ओवली. बैल निघाला. पण लंगडत. भोक झाकणाच्या मधोमध नव्हतं. मध्य कसा शोधायचा? एका मुलीने झाकण कागदावर ठेवून गोल गिरवला, कापला, दोनदा घडी घातली आणि उघडला. घड्या जिथे एकमेकींना छेदल्या तिथे बोट ठेवलं. वर्तुळाचा मध्य गणितात पुढे येणार होता. तो आमच्याकडे बैलाच्या पायातून आला.

हे सगळं मी एका मिनिटात सांगू शकले असते. लागले चार तास. ते चार तास माझे हात पाठीमागे होते. दाभणाने भोकं पाडायला तेवढे पुढे केले, कारण ते काम मुलांचं नाही.

तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी नागपुरात मारबत निघते, इडापीडा गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी, पिवळी, आणि बरोबर बडगे, म्हणजे त्या वर्षीच्या त्रासांचे पुतळे. यंदा माणसांना काय छळतंय ते बडग्यावर लिहिलेलं असतं आणि गल्लीपासून चौकापर्यंत सगळ्यांना वाचता येतं. मोठ्या अक्षरांचा, लांबून कळणाऱ्या चित्राचा याहून चांगला धडा कुठे आहे? "मारबतीने आपल्या शाळेतून काय घेऊन जावं?" असं मी वर्गाला विचारते. नळाला पाणी नसतं. संडासाला कडी नाही. मोठी पोरं मैदान देत नाहीत. बडगा करताना अक्षर केवढं असलं तर फाटकापासून दिसेल, हे मुलं स्वतः फाटकापर्यंत पळत जाऊन बघून येतात. कडी त्या आठवड्यात लागली. आणि जमलं तर गणपतीच्या आधी मुलांना चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, न्या. बोलू नका, फक्त उभं करा. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या हाताकडे बघताना चाळीस मुलं शांत उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

यात नवं मी काही सांगत नाही. इथून पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्यात, ऑक्टोबर 1937 मध्ये शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकवायचं ठरलं. पुढे शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार देवी प्रसाद 1944 साली सेवाग्रामला आले आणि नई तालीमच्या, म्हणजे हातकामातून शिकवणाऱ्या त्याच पद्धतीच्या शाळेतल्या, मुलांबरोबर वर्षानुवर्षं चित्रांचं काम करत राहिले. सूत कातणारी मुलं चित्रंही काढत होती, आणि दोन्ही कामं एकाच शाळेची होती. आपण त्या वाटेचे सगळ्यात जवळचे शेजारी आहोत.

एक शेवटची गोष्ट, नोंदवहीची. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या नोंदींत, आपण काय लिहितो? "चित्र सुंदर काढतो." "रंगकामात आवड आहे." तीस मुलांना हीच दोन वाक्यं आलटून पालटून. त्याऐवजी जे पाहिलं ते लिहा: "चाक अडकतंय हे ओळखून काडी बदलली." "संत्र्यावरचा हिरवा रंग सर्वांत आधी पाहिला." "माणसांना आता मान काढू लागली." याला वेळ लागतो, मला ठाऊक आहे. रोज दोन मुलं धरा, महिन्यात वर्ग होतो. आणि मूल कागद घेऊन येऊन "कसं झालं, मॅडम?" विचारतं, तेव्हा "छान" म्हणून मोकळं होऊ नका. "हे इथे काय चाललंय, सांग ना," असं म्हणा. मग खाली बसा, कारण उत्तर लांबलचक असतं.

बाहेर व्हरांड्यात मी मुलांचे बारा नंदी मांडून ठेवलेत. काही उत्तम चालतात, पाच चालत नाहीत. ते मुद्दाम आणलेत. चहा घेताना दोरी ओढून बघा, उलटे करून बघा. का अडतात ते सापडलं तर शेजारच्याला लगेच सांगू नका. त्यालाही ओढून बघू द्या.