ऐनवेळी सटकणाऱ्यांची इंग्रजी

श्रोतेहो, नमस्कार.

गणपतीला मुंबईहून गावी आलेला नातू आजीला सांगतो, "मित्र येणार होता गं, पण त्याने गोस्ट केलं." आजी विळीवरची भाजी थांबवून विचारते, "कोणाक रे भुतान धरल्यान?" प्रश्न रास्तच आहे, इंग्रजीत गोस्ट म्हणजे भूतच. कोकणात भुतांना काही तोटा नाही. पण हे भूत माडाच्या बनात राहत नाही, फोनमध्ये राहतं. काल-परवापर्यंत गप्पा मारणारा माणूस एकाएकी मेसेजला उत्तर देईनासा होतो, फोन उचलत नाही, नाहीही म्हणत नाही आणि होही म्हणत नाही. त्याला इंग्रजीत म्हणतात गोस्टिंग. गेल्या दहा-पंधरा वर्षांत फोफावलेला हा शब्द आहे आणि माझ्या मते या सगळ्या कुळातला तो सर्वांत वाईट प्रकार. तोंडावर नकार दिला तर निदान भांडता तरी येतं.

आज बोलायचंय ते या कुळाबद्दलच. कबूल करून मागे फिरणारे, काम टाळणारे, जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालणारे यांच्यासाठी बोलीइंग्रजीत शब्दांची एक अख्खी वाडी वसलेली आहे. आपली पोरं ते शब्द ओटीटीवरून, इन्स्टाग्रामवरून उचलतात, कुणी बोटीवर नोकरीला जातात, कुणी गोव्याच्या हॉटेलांत, आणि तिथे ते सर्रास वापरतात. सगळ्यांचा अर्थ "टांग मारली" एवढाच आहे असं त्यांना वाटतं. पण तसं नाही. माणूस भीतीने गेला, आळसाने गेला, की हिशेब करून गेला, हे प्रत्येक शब्द वेगळं सांगतो. आपणही कच खाणाऱ्याला काखा वर करणारा म्हणत नाही आणि अंगचोराला शेपूटघालू म्हणत नाही.

समुद्रावरून आलेल्या शब्दांपासून सुरुवात करू, कारण ते आपल्याला लवकर कळतील. "कट अँड रन" हा वाक्प्रचार शिडाच्या जहाजांच्या काळातला, तीनशे वर्षांचा तरी जुना. जहाज नांगरून उभं आहे आणि अचानक शत्रूचं शीड दिसलं. जाडजूड तागाचा दोर ओढून नांगर वर घ्यायला वेळ लागणार. मग कुऱ्हाडीने दोर तोडायचा, नांगर तळाशी सोडायचा आणि वारा पाठीवर घेऊन निघायचं. त्या वेळी हा भेकडपणा नव्हता, जहाज वाचवायची युक्ती होती, तीसुद्धा एका नांगराची किंमत मोजून. आज मात्र एखादा पुढारी दुसऱ्याला "कट अँड रन" करणारा म्हणतो तेव्हा ती उघड शिवी असते. नांगराचा खर्च सगळे विसरले, पळणं तेवढं लक्षात राहिलं.

दुसरा शब्द "स्विंग द लेड". लेड म्हणजे शिसं. पाण्याची खोली मोजायला दोरीला शिशाचा जड ओळंबा बांधत, तो जहाजाच्या पुढच्या बाजूला झोका देऊन फेकत आणि दोरीवरच्या खुणा पाहून खोली ओरडून सांगत. ओळंब्याच्या बुडाला खळगा असे, त्यात चरबी भरत. चरबीला वाळू चिकटून आली की तळ वाळूचा, चिखल आला की चिखलाचा. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बार कुठे सरकलाय हे न कळता होडी आत घेणाऱ्यांची काय गत होते, ते आपल्या बंदरांवर कुणाला सांगायला नको. तर हे काम कष्टाचं, गार वाऱ्यात भिजून करायचं. सांगतात ते असं, की एखादा आळशी खलाशी ओळंबा नुसताच झुलवत ठेवायचा आणि खोली अंदाजाने ओरडायचा. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला हा शब्द ब्रिटिश सैनिकांच्या तोंडी आला तो कामचुकारपणासाठी, विशेषतः आजाराचं सोंग घेऊन ड्युटी चुकवण्यासाठी. त्याच सैन्यातून "स्काइव्ह" हा शब्दही शाळा-कचेऱ्यांत पसरला. आपण कॉलेजला दांडी मारतो किंवा बंक मारतो, ब्रिटिश पोरगा स्काइव्ह करतो किंवा "बंक ऑफ" करतो. म्हणजे आपल्या कॉलेजांच्या कट्ट्यावरचा बंकसुद्धा मूळचा ब्रिटिश बोलीचाच.

तिसरा शब्द मला सर्वांत आवडतो: बेल. देवाला वाहायचा नव्हे. होडीत पाणी शिरलं की ते डब्याने, नारळाच्या करवंटीने, हाताला लागेल त्याने उपसायचं, त्या उपसण्याला इंग्रजीत बेल म्हणतात. पुढे विमानं आली. विमान पडायला लागलं की पॅराशूट बांधून उडी टाकायची, तिलाही "बेल आउट" म्हणू लागले. आणि आज तरुण पोरांच्या तोंडी "ही बेल्ड ऑन मी" म्हणजे ऐनवेळी मला सोडून गेला. गंमत बघा. होडीत राहून मरमर पाणी उपसतो त्याचं कामही बेल, आणि सगळ्यांना आत ठेवून उडी मारतो त्याचं कामही बेल. त्यात बुडत्या कंपनीला सरकारने पैसे दिले की त्यालाही बेलआउटच. म्हणून वर्तमानपत्रात हा शब्द आला तर आधी बघायचं, कोण आत आहे आणि कोण बाहेर.

रापणीवर हे फार चांगलं कळतं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढायचं मोठं जाळं, त्याला माणसं भरपूर लागतात. पहाटे दोघं आले नाहीत तर त्यांचं वजन उरलेल्यांच्या खांद्यावर येतं. न आलेल्यांपैकी एकाने आदल्या रात्रीच सांगितलेलं असतं की ताप आहे. इंग्रजीत तो नुसता "क्राय ऑफ" करतो, त्यात फारसा दोष नाही. दुसरा रात्री म्हणालेला असतो, "येतंय मां, तू काळजी करू नको," आणि पहाटे त्याचा पत्ता नसतो. तो "फ्लेक". आनंदाने हो म्हणणारा आणि हटकून न येणारा. फ्लेक हा दुष्ट नसतो, हीच पंचाईत. त्याच्यावर रागावता येत नाही आणि त्याच्या भरवशावर जाळंही टाकता येत नाही. प्रत्येक वाडीत एक असतोच, आणि बहुतेकदा भजनात तोच सर्वांत चांगला गातो.

"चिकन आउट" म्हणजे घाबरून माघार. "कोल्ड फीट" म्हणजे ठरलेल्या गोष्टीआधी, बहुतेकदा लग्नाआधी, पाय गार पडणं. हे दोन्ही समजायला सोपे आहेत, एवढंच लक्षात ठेवा की पहिला तोंडावर म्हटला तर अपमान होतो आणि दुसरा सहानुभूतीनेही म्हणता येतो.

आता जबाबदारी ढकलण्याकडे येऊ. "पास द बक" हा शब्द अमेरिकेतल्या पोकरच्या पत्त्यांतला. पुढचा डाव वाटायची पाळी कुणाची हे दाखवायला खेळाडूपुढे एक खूण ठेवत, तिला बक म्हणत. ज्याला वाटायचं नसेल तो ती खूण शेजाऱ्याकडे सरकवून मोकळा. आपल्याकडचा बक म्हणजे रस्त्यावरचा खड्डा. ग्रामपंचायत म्हणते रस्ता जिल्हा परिषदेचा, जिल्हा परिषद म्हणते बांधकाम खात्याचा, खातं म्हणतं ठेकेदाराला विचारा, आणि ठेकेदार म्हणतो पाऊस थांबू दे. चार घरं फिरून खूण पुन्हा खड्ड्याशी. टोलवाटोलवी हा आपला शब्द मला यासाठी जास्त बोलका वाटतो, कारण त्यात चेंडूचा आवाज ऐकू येतो.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या टेबलावर मात्र एक पाटी होती: "द बक स्टॉप्स हिअर". खूण इथेच थांबते, पुढे सरकणार नाही. ही पाटी ओक्लाहोमातल्या एल रीनो इथल्या सुधारगृहात बनवलेली होती आणि ऑक्टोबर 1945 मध्ये ट्रुमन यांच्याकडे पोचली. दोन महिन्यांपूर्वीच जपानवर अणुबॉम्ब पडले होते. शिक्षा भोगणाऱ्यांच्या जागेत घडलेली पाटी देशाच्या सर्वांत मोठ्या टेबलावर आली, हे मला त्या मजकुराइतकंच बोलकं वाटतं. तिच्या मागच्या बाजूला "मी मिझुरीचा" असं लिहिलेलं होतं, मिझुरी हे ट्रुमन यांचं राज्य. ती बाजू ट्रुमन यांच्याकडे असायची, जबाबदारीची बाजू समोरच्याकडे. 1953 च्या जानेवारीत निरोपाच्या भाषणातही ते हेच बोलले, की राष्ट्राध्यक्ष कुणीही असो, निर्णय त्यालाच घ्यावा लागतो.

"कॉप आउट" हा यातला सर्वांत धूर्त. अमेरिकन गुन्हेगारांच्या बोलीत "कॉप अ प्ली" म्हणजे मोठ्या आरोपातून सुटायला छोटा गुन्हा कबूल करणं. आजचा कॉप आउट त्याच जातीचा. काम टाळायचंच, पण वर एक सभ्य कारण ठेवायचं. "मी असतो तर केलं असतं, पण माझ्या तत्त्वात बसत नाही." जत्रेच्या बैठकीत हे वाक्य कुणाच्या तोंडून येतं ते प्रत्येकाने आपापल्या गावापुरतं ठरवावं.

नोकरी करणाऱ्या मुलांना दोन गोष्टी. देणं बुडवणाऱ्यासाठी इंग्रजीत "वेल्श" असं एक क्रियापद आहे, ते वापरू नका. वेल्स देशातल्या माणसांना ते लागतं, आणि बोटीवर शेजारच्या केबिनमध्ये वेल्सचा माणूस असू शकतो. आणि साहेबाला ईमेल लिहिताना "बेल" किंवा "फ्लेक" लिहू नका, "येणं जमणार नाही" हे साध्या इंग्रजीत लिहा, कारणासकट आणि वेळेत.

राहता राहिला "रेन चेक". एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बेसबॉलचा सामना पावसाने थांबला की प्रेक्षकाला तिकिटाचा तुकडा जपून ठेवायला सांगत, त्यावर नंतरचा सामना पाहता येई. आता जेवणाचं आमंत्रण गोड शब्दांत नाकारायला म्हणतात, "कॅन आय टेक अ रेन चेक?" म्हणजे आज नको, पुन्हा कधीतरी. तुमच्या होम-स्टेमधला अमेरिकन पाहुणा सोलकढीच्या दुसऱ्या वाटीला असं म्हणाला तर छत्री शोधायला धावू नका. तो पावसाबद्दल बोलत नाहीये. वाटी उचला आणि उद्या पुन्हा विचारा.

नमस्कार.