कांदा अडतो तो सीमेवर

श्रोतेहो, नमस्कार.

लासलगाव-पिंपळगावचा कांदा ट्रकने बांगलादेशात जातो तो पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोल, घोजाडांगा, हिली किंवा महदीपूरच्या नाक्यावरून. महामार्ग रुंद झाले, पण माल सडतो तो नाक्याजवळच्या रांगेत.

पेट्रापोलहून आपला ट्रक पलीकडच्या बेनापोल बंदराच्या आवारापर्यंतच जातो. तिथे गोण्या उतरवून बांगलादेशी ट्रकमध्ये भरतात. चढउताराची मजुरी, ट्रक उभा राहण्याचं भाडं आणि फुटलेल्या गोण्या, सगळं भावातूनच वजा होतं. भारत, बांगलादेश, भूतान आणि नेपाळ यांनी 15 जून 2015 रोजी थिंफूमध्ये मोटार वाहन करार केला, एकमेकांच्या ट्रकना थेट सीमेपार जाऊ देण्यासाठी. भूतानने मान्यता दिली नाही आणि थेट मालवाहतूक रखडली. ती सुरू झाली तर नाशिकचा व्यापारी खूश होईल, बेनापोलचे हमाल आणि पेट्रापोलजवळच्या बनगावचे पार्किंगवाले मात्र नाही. हे बोललं जात नाही.

ट्रक सोडण्याआधी आयातदाराचा आयात परवाना आणि बँकेची एलसी, म्हणजे पैसे देण्याची हमी, हाती हवी. दोन्हींची मुदत तपासा. शिपिंग बिल (कस्टम्सचा निर्यातीचा कागद) आणि फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या) प्रमाणपत्रावर गोण्यांची संख्या व वजन तंतोतंत जुळलं पाहिजे. कांदा वाटेत सुकतो, वजन घटतं आणि तफावत दिसली की फेरतपासणी होते. म्हणून भरण्याआधी माल नीट वाळवा. शुक्रवारी बांगलादेशात साप्ताहिक सुटी असते, तेव्हा गुरुवारी संध्याकाळी नाक्यावर पोहोचून उपयोग नाही.

लांबच्या वाटेला सुकलेल्या मानेचा उन्हाळ कांदा बरा. लाल कांद्यात पाणी जास्त. चारही बाजूंनी ताडपत्री आवळली तर तो घामेजतो आणि खालच्या थरातून सडू लागतो. पाऊस नसेल तर बाजू मोकळ्या ठेवा.

शेवटचा धोका दिल्लीतून येतो. 14 सप्टेंबर 2020 ला निर्यातबंदी आली तेव्हा भरलेले ट्रक सीमेवर अडकले. डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा बंदी. मे 2024 मध्ये ती उठली, पण टनाला 550 डॉलर किमान निर्यात दर आणि 40 टक्के निर्यात शुल्क लागलं. शुल्क पूर्ण गेलं ते 1 एप्रिल 2025 ला. त्यामुळे सौद्याच्या कागदावरच लिहून घ्या: माल वाटेत असताना बंदी किंवा शुल्क आलं, तर तोटा कोणी सोसायचा. तोंडी शब्दावर ट्रक सोडू नका.