पत्र घराला, नाव मात्र तुमचं हवंय

(दृश्य: लेस्टर. विटांच्या घरांची रांग. दाराच्या फटीतून टपाल आत पडतं.)

हे इंग्लंडमधलं लेस्टर. गल्लीतली सगळी घरं सारखीच, एकाला एक चिकटलेली, आणि यातल्या एका घरात आपली पाच पोरं राहतात, दोघं पुण्याचे, एक नांदेडचा, एक सांगलीची, एक नगरची. सगळे मास्टर्सवाले. घरात टीव्ही नाही. मागच्या भाडेकरूंनी सोडलेला टीव्हीचा स्टँड आहे, त्यावर सध्या मोजे वाळतायत.

(दृश्य: टेबलावर पसरलेली पत्रं.)

आणि ही पत्रं. घरात येऊन वर्ष पण झालं नाही तरी एवढा गठ्ठा जमलाय. जरा जवळून बघा. पाकिटाला खिडकी, आत लाल अक्षरात मोठं हेडिंग, खाली पाठवणाऱ्याचा पत्ता डार्लिंग्टनचा, टीव्ही लायसन्सिंग, म्हणजे टीव्ही बघायच्या परवान्याची वसुली करणारे. पहिलं पत्र सौम्य आहे, तुमच्या पत्त्यावर लायसन्स दिसत नाही, कृपया कळवा वगैरे. मग आवाज चढत जातो. तपास सुरू केलाय. ऑफिसर येणार आहे. अमुक तारखेला तुम्ही घरी असाल का? आणि मग कोर्टात काय काय होतं त्याची माहिती, न मागता.

आता कॅमेरा वरच्या डाव्या कोपऱ्यावर. इथे नाव असायला पाहिजे ना? नाव नाहीये. ‘द लीगल ऑक्युपायर’, म्हणजे घरात जो कोणी रीतसर राहत असेल तो. एवढा मोठा गठ्ठा, त्यात ‘तुम्ही’ ‘तुम्ही’ करून इतकं खडसावलंय, पण तुम्ही म्हणजे कोण हे पाठवणाऱ्याला माहीतच नाही. ही सगळी फिल्म त्या कोपऱ्याबद्दल आहे.

आधी नियम काय ते सांगून टाकतो, कारण कमेंटमध्ये भांडणं त्याच्यावरूनच होतात. ब्रिटनमध्ये कुठलाही चॅनल लाइव्ह बघायचा असेल तर लायसन्स लागतं, टीव्हीवर बघा नाहीतर मोबाईलवर. आणि बीबीसीचं आयप्लेयर वापरायचं तर लाइव्ह असो नसो, लागतंच, १ सप्टेंबर २०१६ पासून. नेटफ्लिक्सवरची जुनी सिरीज, यूट्यूबचे नेहमीचे व्हिडिओ, याला नाही लागत. पण आपली पोरं इथेच फसतात, कारण परदेशी चॅनल लाइव्ह बघितला तरी तो लाइव्हच धरतात, म्हणजे यूट्यूबवर मराठी न्यूज चॅनल लाइव्ह लावून निवडणुकीचा निकाल बघत बसलात किंवा आयपीएल लाइव्ह लावली तर लायसन्स पाहिजे. फी एप्रिल २०२५ ला १७४.५० पौंड झाली होती, वर्षाची. विद्यार्थ्यांना एक सवलत आहे, आईवडिलांच्या घरी लायसन्स असेल तर चार्जरला न लावलेल्या मोबाईलवर, लॅपटॉपवर बघता येतं. आता आईवडील कोल्हापुरात असतील तर ह्या सवलतीचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

बघत असाल तर लायसन्स घ्या, विषय संपला. लायसन्स लागेल असं काहीच न बघणाऱ्यांसाठी ही फिल्म आहे.

(दृश्य: फ्लॅटच्या बिल्डिंगमधल्या टपालपेट्यांच्या रांगा, वरपासून खालपर्यंत.)

तर ह्यांच्याकडे आपला पत्ता येतो कुठून? सोपं आहे. ब्रिटनमधल्या टपालाच्या प्रत्येक पत्त्याची यादी रॉयल मेलकडे असते आणि ती विकत मिळते. टीव्ही लायसन्सिंगच्या डेटाबेसमध्ये तीन कोटींच्या वर पत्ते आहेत. लायसन्सवाले पत्ते त्यातून वजा केले की उरलेल्यांना पत्र जातं. ह्यात डोकेबाज शोधकाम काही नाही, नुसती वजाबाकी आहे. पत्र आलं म्हणजे तुमच्यावर कोणी नजर ठेवली, संशय घेतला, असं काहीही नाही.

आणि हे टीव्ही लायसन्सिंग म्हणजे सरकारी खातं पण नाही बरं का. ते बीबीसीचं ट्रेडमार्क नाव आहे. लायसन्स देण्याचं, वसुलीचं काम १९९१ पासून बीबीसीकडे आहे आणि बीबीसीने ते कंत्राटावर दिलंय, २००२ पासून कॅपिटा ह्या कंपनीला. दारावर येतो तो ‘ऑफिसर’ ह्या कंपनीचा माणूस. पोलीस नाही, बेलिफ नाही.

(दृश्य: विंटेज गाड्यांचा मेळा. छतावर अँटेना असलेली जुनी व्हॅन.)

ही व्हॅन बघा, ही आम्हाला जुन्या गाड्यांच्या मेळ्यात सापडली आणि खरं सांगायचं तर हिला फिल्ममध्ये घेण्यासाठीच हा भाग थोडा लांबवलाय. डिटेक्टर व्हॅन. १९५२ ला पहिल्यांदा रस्त्यावर आणली. छतावरचं ते वेटोळं फिरायचं आणि आत बसलेला माणूस म्हणे सांगायचा कुठल्या घरात टीव्ही चालू आहे. जुन्या टीव्हीतून सिग्नल बाहेर पडायचे हे खरंय, तंत्र अगदीच भाकड नव्हतं. पण गल्लीतून ही नुसती फिरली तरी दुसऱ्या दिवशी पोस्टात लायसन्सला रांग लागायची, काम तेवढ्यानेच व्हायचं. आज अशा गाड्या किती, कशा चालतात, हे बीबीसी सांगत नाही, माहिती अधिकारात विचारलं तरी नाही. आतमध्ये बघायला दिलं मेळ्यातल्या मालकाने, एक खुर्ची, डायल, एक नकाशा ठेवायची फळी. पोरं आत बसून सेल्फी काढत होती.

तिच्या आधीपासून लायसन्स होतंच. १९२२ ला रेडिओचं, दहा शिलिंग. युद्ध संपल्यावर जून १९४६ ला टीव्हीचं, दोन पौंड. १९६८ ला रंगीत टीव्हीचं वेगळं. आपल्याकडेही होतं की, जुन्या लोकांना आठवत असेल, पोस्टात जाऊन रेडिओच्या लायसन्सच्या पुस्तिकेवर तिकीट चिकटवून आणायचं, ऐंशीच्या दशकात ते बंद झालं.

पण व्हॅनपेक्षा जास्त कामाची गोष्ट दुकानात होती. १९६७ च्या कायद्याने टीव्ही विकणाऱ्या प्रत्येक दुकानदारावर बंधन घातलं होतं की गिऱ्हाइकाचं नाव आणि पत्ता कळवायचा. टीव्ही विकत घेतला की तुमचं नाव गेलंच. रोख पैसे देऊन घेतला तरी. हे चाललं पार २०१३ पर्यंत! जून २०१३ ला ते बंधन उठलं, आणि तेव्हापासून नावं मिळवायचा हा हमखास रस्ता बंद झाला. आता परत त्या कोपऱ्याकडे बघा, ‘लीगल ऑक्युपायर’. दुकानदार नाव सांगायचा, आता ते तुमच्याकडूनच काढायचंय. पत्राचं खरं काम हेच आहे असं आमचं मत, डरावणी भाषा वगैरे त्याच्यासाठी.

(दृश्य: डोअरबेल कॅमेऱ्याचं फुटेज, चेहरा पुसट केलेला. गळ्यात ओळखपत्र.)

दुसरी जागा म्हणजे दार. हे फुटेज नांदेडच्या पोराने दिलं. माणूस नीट बोलतो, कार्ड दाखवतो, आणि पहिला प्रश्न ऐका. टीव्ही आहे का हा नाही. तुमचं नाव काय? हा आहे.

कायद्याने काय काय बंधन आहे ते ऐका नीट. पत्राला उत्तर द्यायचं बंधन नाही. दार उघडायचं बंधन नाही. नाव सांगायचं, जन्मतारीख सांगायचं, आत घ्यायचं, कशाचंच बंधन नाही. निघा म्हटलं की त्याला निघावं लागतं. आत यायचं तर मॅजिस्ट्रेटचं वॉरंट लागतं, आणि वॉरंट खरंच असेल तर मात्र अडवायचं नाही, तो गुन्हा होतो. वॉरंट सहसा येत नाही. येतो तो फॉर्म. ऑफिसर उभ्या उभ्या चौकशी लिहून घेतो, आधी सांगतो की तुम्हाला बोलायची सक्ती नाही, जे बोलाल ते पुरावा म्हणून वापरलं जाईल, आणि खाली सही मागतो. आपल्या माणसाला सवय काय, दारात कोणी कार्ड घालून आला की सर सर करत सगळं सांगायचं, वर चहा घेणार का विचारायचं. कोर्टात उभं राहतं ते बहुतेक वेळा हे सही केलेलं कागदच, व्हॅन नाही.

सांगलीची मुलगी म्हणते, ‘दादा, मला तर वाटलं व्हिसाच जातो आता.’ पत्र आल्याने व्हिसा जात नाही. पत्र म्हणजे आरोप पण नाही, गुन्हा तर लांबच.

(दृश्य: हॅरो. काकूंचं स्वयंपाकघर. बिस्किटाच्या डब्यात ठेवलेली कागदपत्रं.)

ह्या काकू हॅरोच्या. वय ७८. त्यांची गोष्ट उलटी आहे, ह्यांचं नाव सगळीकडे आहे. २००० साली वेगळा कायदाच करून पेन्शन खात्याला ज्येष्ठांची माहिती लायसन्सवाल्यांना द्यायची मुभा दिली, कारण तेव्हा ७५ च्या वरच्यांना लायसन्स फुकट झालं होतं. मग ऑगस्ट २०२० ला ते सरसकट फुकट बंद झालं, आता फक्त पेन्शन क्रेडिट मिळणाऱ्यांना. म्हणजे गरीब आहात हे कागदाने दाखवायचं. काकू डब्यातून एकेक कागद काढतात, हे पेन्शनचं, हे ह्यांच्या नावाचं जुनं लायसन्स, हे मी बदलून घेतलं माझ्या नावावर. ‘बातम्या आणि तो केकचा प्रोग्राम, एवढंच बघते हो मी,’ म्हणतात. पैसे भरतात. नियमित.

काकूंना एक ईमेल आला होता, तुमचं लायसन्सचं पेमेंट फेल झालं, इथे क्लिक करून बँकेचे डिटेल भरा. तो खोटा होता. असले ईमेल ढिगाने फिरतात. खऱ्या ईमेलमध्ये तुमचं नाव किंवा पिनकोडचा, म्हणजे इथल्या पोस्टकोडचा, काही भाग असतो, नुसतं ‘डिअर कस्टमर’ असेल तर डिलीट. काकूंनी लेकीला विचारलं म्हणून वाचल्या.

माहिती दिल्यावर तिचं काय होतं, हेही बघायला पाहिजे. २०१८ मध्ये टीव्ही लायसन्सिंगच्या वेबसाइटची काही पानं एन्क्रिप्शनशिवाय चालू राहिली होती, त्यातून लोकांनी माहिती पाठवली आणि नंतर संस्थेला माफी मागावी लागली. आणि कॅपिटावर २०२३ ला सायबर हल्ला झाला, ६६ लाख लोकांची माहिती गेली, ऑक्टोबर २०२५ मध्ये इथल्या माहिती आयुक्तांनी १.४ कोटी पौंड दंड केला. त्यातला मोठा भाग पेन्शन योजनांचा होता, लायसन्सचा नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण कंपनी तीच.

(दृश्य: लॅपटॉपचा स्क्रीन. फॉर्मचे रकाने.)

मग करायचं काय? तीन रस्ते आहेत. एक, काहीच न करणं, गठ्ठा वाढू देणं, हे कायदेशीर आहे, फक्त नवीन कोणी भाडेकरू आला की तो घाबरतो. दुसरा, साइटवर जाऊन लायसन्स लागत नाही असं कळवणं. हा फॉर्म बघा, नाव मागतोय, संपर्क मागतोय. भरलात की पत्रं साधारण दोन वर्षं थांबतात, खात्री करायला माणूस येऊ शकतो, आणि तुमच्या पत्त्यासमोर नाव चढतं. एका ठिकाणी टिकून राहणार असाल, खरंच काही बघत नसाल तर आम्ही म्हणू भरा, कमीत कमी माहिती देऊन भरा. वर्षाने घर सोडणारी पोरं असाल तर कशाला? तिसरा, दारावर येऊ नका असं लेखी कळवणं, त्याने दारापर्यंत यायची गृहीत धरलेली परवानगी काढून घेता येते. वॉरंटचा रस्ता त्यांना तरीही मोकळा असतो.

वेगवेगळे करार करून एकाच घरात राहत असाल तर प्रत्येक खोलीचं लायसन्स वेगळं, एकच करार असेल तर घराला एक. हे करारावर बघा.

आणि डेटाच्या कायद्याखाली, माझ्याबद्दल तुमच्याकडे काय आहे ते दाखवा असं कोणीही मागू शकतं, फुकट, एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. अर्ज बीबीसीकडे, कारण माहितीची जबाबदारी त्यांची, कंपनी नुसती हाताळणारी. पुण्याच्या पोराने अर्ज भरायला घेतला आणि दुसऱ्याच पानावर थांबला. ओळखपत्र मागू शकतात म्हणे. बरोबरच आहे, दुसऱ्याची माहिती देऊन कसं चालेल. पण मग ज्याचं नाव त्यांच्याकडे नव्हतं त्याने, माझं नाव तुमच्याकडे आहे का, हे विचारायला आधी नाव द्यायचं. अर्ज अजून ड्राफ्टमध्येच आहे.

आयप्लेयरला पण २०१७ पासून लॉगिन लागतं, ईमेल, जन्मतारीख, पोस्टकोड. हे ईमेल लायसन्सच्या नोंदींशी ताडून बघू शकतो हे बीबीसीनेच सांगितलंय. बाकी दारात नाव न सांगणारा माणूस तिथे ‘माझ्याकडे लायसन्स आहे’ ह्या बटणावर टिचकी मारून मोकळा होतो.

खटल्यांबद्दल फार दाखवता येत नाही, कारण बरेचसे खटले कोर्टरूममध्ये होतच नाहीत, २०१५ पासून एक मॅजिस्ट्रेट कागद बघून निकाल देतो, दंड १००० पौंडांपर्यंत, आणि शिक्षा होणाऱ्यांत ७० टक्क्यांच्या वर बायका आहेत, दिवसा घरी असतात आणि दार उघडतात हे त्याचं एक कारण सांगितलं जातं.

(दृश्य: पुन्हा टपालपेट्या. वरून जाणारा शॉट.)

बीबीसीची सनद ३१ डिसेंबर २०२७ ला संपतेय आणि तेव्हा लायसन्सच्या जागी दुसरं काही आणायचं का ह्याची चर्चा चालू आहे. घरटी पैसे घ्या, म्हणजे पत्रंही नकोत नि ऑफिसरही नकोत, असं बरेच जण म्हणतात, जर्मनीत २०१३ पासून तसंच आहे. टीव्ही असो नसो, दर घराला महिन्याला १८.३६ युरो. तिकडे म्युनिकला, स्टुटगार्टला आपली आयटीवाली मंडळी भरपूर आहेत, त्यांना विचारा. घर घेतलं की नगरपालिकेत नाव नोंदवावंच लागतं, आणि तिथून ते थेट फीवाल्यांकडे जातं. काही आठवड्यांत पत्र येतं. त्यांच्या कोपऱ्यात पूर्ण नाव असतं, स्पेलिंगसकट.