उन्हावर रॉयल्टी नाही

दृश्य : चंद्रपूर जिल्हा. खाणीबाहेरचा वजनकाटा, ताडपत्री बांधलेले ट्रक रांगेत.

निवेदन :
काट्यावर आकडा पडला, की सरकारी हिशेब सुरू होतो. कोळशाच्या किमतीच्या १४ टक्के रॉयल्टी, म्हणजे खनिज काढण्याचा मोबदला, राज्याला. जुन्या खाणींकडून या रॉयल्टीच्या आणखी ३० टक्के जिल्हा खनिज प्रतिष्ठानला. खाणीलगतच्या गावांचं पाणी, दवाखाने, शाळा यांसाठी २०१५ साली केलेली ही सोय. वर जीएसटी. सप्टेंबर २०२५ मध्ये टनामागचा ४०० रुपयांचा सेस गेला आणि जीएसटी ५ वरून १८ टक्क्यांवर आला.

दृश्य : बल्लारशाह स्थानक. कोळशाची मालगाडी.

निवेदन :
मालवाहतुकीतून रेल्वेला जे मिळतं, त्यात जवळपास निम्मा वाटा एकट्या कोळशाचा. बल्लारशाहहून गोंदियाला जाणाऱ्या माणसाचं तिकीट स्वस्त राहतं, ते या मालवाहतुकीच्या जिवावर.

हे सगळे धागे एकत्र मांडले अर्थतज्ज्ञ लवीश भंडारी आणि आरुषी द्विवेदी यांनी, २०२२ च्या अभ्यासात. कोळसा, तेल, वायू मिळून २०१९-२० मध्ये केंद्राच्या महसुलातले सुमारे १९ टक्के आले. राज्यांच्या महसुलातले ८ टक्के. यात मोठा हात पेट्रोल-डिझेलचा. विजेवरची स्कूटर पंपावर जात नाही, तेव्हा तो करही भरला जात नाही.

सौर वीज किती स्वस्त झाली, यावर आपण भरभरून बोलतो. तिजोरीतला खड्डा कशाने भरायचा, हा प्रश्न मात्र मागे पडतो. उन्हावर रॉयल्टी नाही, वाऱ्याला वजनकाटा नाही.

दृश्य : चंद्रपूर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या.

निवेदन :
२,९२० मेगावॅटचं हे केंद्र. इथली राख आणि धूळ चंद्रपूरकरांनी वर्षानुवर्षं छातीत घेतली आहे. कोळसा कमी व्हायलाच हवा. पण खाण बंद झाली की खनिज प्रतिष्ठानच्या निधीत भर पडायची थांबते. मातीचे डोंगर आणि पाण्याने भरलेले खड्डे गावाशेजारी तसेच राहतात. सौर प्रकल्प दुसऱ्याच जिल्ह्यात उभा राहिला, तर त्याचा पैसाही तिकडेच.

म्हणून कोळशाच्या जिल्ह्यांचा या नव्या पैशातला वाटा आत्ताच कायद्यात लिहून घ्यायला हवा, काट्यावर ट्रक उभे आहेत तोवर. भारताने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच शोषला जाण्यासाठी, २०७० साल ठरवलंय. अनेक खाणी त्याच्या आधीच संपतील.